पृथ्वीबाहेरची

दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेली मुलगी कॉमिक वाचत होती. मुखपृष्ठावर निळ्या गणवेशातलं अंतराळ रक्षक दल होतं, परग्रहवासीयांना पृथ्वीवर येऊ न देणारं. सहावीत असताना मधल्या सुट्टीत आम्ही हाच खेळ खेळायचो. मी दलाची कमांडर. वर्गातल्या सुलभाच्या चेहऱ्यावर कोडाचे पांढरे डाग होते, म्हणून परग्रहवासी रोज तीच. आम्ही सगळ्याजणी तिला मैदानाच्या कुंपणापर्यंत पिटाळायचो आणि ती हसत पळायची. पृथ्वी वाचवायची तर आधी कुणालातरी पृथ्वीबाहेरचं ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला आम्हाला क्षणभरही लागला नव्हता.

औषधं घेऊन मुलीची आई आली. ती सुलभाच होती. मी घाईघाईनं पर्समध्ये काहीतरी शोधू लागले, पण तिनं मला ओळखलं होतं.

"ही माझी शाळेतली मैत्रीण," ती लेकीला म्हणाली. "मला कुणी खेळायला घ्यायचं नाही. ही रोज घ्यायची, तुझ्या या कॉमिकमधल्याच खेळात."

मुलीनं कॉमिक आईपुढे धरलं. "आम्ही पण हे खेळतो. तू यातली कोण व्हायचीस?"

सुलभानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"दलातच होते की," ती म्हणाली. "हो ना गं?"

"हो," मी म्हणाले. माफी मागायची वेळ समोर येऊन उभी होती, आणि मी तिच्याच खोट्याच्या आड लपले.