रावस, तांबडी बाटली आणि कराची

माझ्या नवऱ्याची बढती मी तळलेल्या रावसाच्या एका तुकडीने बुडवली. आज हे उघड सांगते, कारण या वयात मला कोण काय करणार?

हे एका आगबोट कंपनीत कारकून होते. कंपनीला कराचीत जहाजांच्या कप्तानांच्या खाण्यापिण्याची बडदास्त ठेवणारा माणूस हवा होता. यांनी साहेबाला ठोकून दिलं, कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन ते मला तोंडपाठ आहे. साहेब म्हणाला, मग येतो रविवारी जेवायला. हे गिरगावात घरी आले ते वाइनच्या दोन बाटल्या, एक तांबडी, एक पांढरी, आणि घामाने भिजलेला सदरा घेऊन.

यांचं वाइनचं ज्ञान एवढंच, की ती बाटलीत असते. "दोन्ही ताटाच्या डावीकडे ठेवू," म्हणाले, "लिंबू-चटणीच्या शेजारी." मग आवाज उतरला. "अगं, तुझी जीभ चांगली. आई माहीमला गेल्यात तोवर चाखून बघ ना, कशाबरोबर काय जातं ते."

मी तेव्हा मुलींच्या शाळेत मराठी पाचवीत होते. लग्न झाल्यावर हट्टाने नाव घातलं होतं. कराचीला गेलो की शाळा संपली, हे मला पक्कं ठाऊक होतं.

रविवारचा बेत तळलेला रावस आणि मटणाचा. दोन्ही थोडं थोडं करून, स्वयंपाकघराचं दार लोटून मी चमच्याने वाइन चाखली. पहिल्या चमच्याला ठसकाच लागला. पण पांढरी निघाली आंबट. रावसावर लिंबू पिळल्यासारखी चव आली. तांबडी तुरट, जीभ आवळणारी. मटणावर घेतली तर रश्श्याचा सगळा तेलकटपणा धुऊन निघाला. यात विद्या ती कसली? जिला ताट वाढता येतं तिला हेही येतं. मग खोडी म्हणून उलटं करून पाहिलं. रावसावर तांबडी घेतली आणि तोंडात गंजका खिळा ठेवल्यासारखं झालं. दोनदा चूळ भरली तरी जाईना.

बाहेर येऊन मी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "माशाबरोबर तांबडी. मटणाबरोबर पांढरी."

"नक्की ना?"

"चाखून सांगतेय."

रविवारी दुपारी साहेब आला. मी दाराच्या फटीला डोळा लावून उभी. यांनी ऐटीत तांबडी ओतली. साहेबाने रावस खाल्ला, वर घोट घेतला, आणि एरंडेल पाजल्यासारखं त्याचं तोंड झालं. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. यांचा आग्रह तर थांबेना. पाहुण्याचा पेला रिकामा कसा ठेवायचा? ओततायत आपले. साहेब बिचारा सभ्य, मुकाट्याने पीत राहिला. निघताना म्हणाला, जेवण फार छान होतं, कराचीला मात्र आम्ही दुसऱ्याला पाठवू.

हे आत आले. उरलेली तुकडी मोडून तोंडात टाकली, तांबडीचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं. मग पांढरीचा घेतला आणि थांबले.

"तुला ठाऊक होतं."

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. फार वाईट वाटलं यांचं. पण खोटं बोलवेना. "मला शाळा सोडायची नाहीये," मी म्हणाले.

"मग तसं सांगायचं होतंस मला."

"सांगितलं की," मी म्हटलं. "तीनदा. दर वेळी तुम्ही म्हणालात, साहेबाला मटण तिखट नाही ना लागणार?"