लधाभाईंच्या शनीचं कडं

मांडवीच्या बाजारात लधाभाई घड्याळं दुरुस्त करत. पण त्यांना विचाराल तर ती नुसती पोटाची सोय. खरा धंदा आकाशाचा, आणि तो फुकट. खगोल मंडळाच्या दुर्बिणीचा आरसा त्यांनी स्वतःच्या हाताने घासला होता, तेलाच्या रिकाम्या पिंपावर काच ठेवून त्याभोवती आठ महिने फिरत. बायको म्हणे, "एवढ्या फेऱ्या देवळाला घातल्या असत्या तर देवच खाली आला असता. तुम्हाला वर बघावं लागलं नसतं."

तर या लधाभाईंनी एक गोष्ट पोटात ठेवली होती. डावा डोळा कधीचाच अधू. आणि दिवाळीपासून उजव्याला एका चंद्राचे दोन दिसू लागले होते. मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाले. लधाभाई घरातसुद्धा काही बोलले नाहीत. कारण मंडळ चालवणाऱ्या जागृतीबेन पडल्या गणिताच्या शिक्षिका, चूक न खपवणाऱ्या. त्यांना कळलं असतं तर दुर्बीण दुसऱ्याच्या हाती. आणि दुर्बिणीशिवाय हिवाळा म्हणजे लधाभाईंच्या लेखी तुपाशिवाय उडदाचा गोड अडदिया.

पौषातल्या एका शनिवारी मंडळाने शाळेच्या मैदानावर गावाला आकाश बघायला बोलावलं. अंधार पडला तशी लधाभाईंनी दुर्बीण शनीवर लावली, फोकसची चकती फिरवून आपल्या डोळ्याला जमेल तसं चित्र साफ केलं आणि बाजूला झाले.

"दिसलं का कडं?"

"दिसलं, दिसलं! अगदी बांगडी!"

लधाभाईंची छाती फुगली. डोळा काय म्हणतो ते जाऊ द्या, हात अजून पक्का आहे! तासाभरात साठेक माणसं बांगडी पाहून, अडदिया चघळत मैदानभर पांगली.

मग त्यांनी दुर्बीण गुरूकडे वळवली. पहिला नंबर मोंघीमासीचा, म्हणजे साऱ्या गावाच्या मावशीचा. नवरा खारवा, ताऱ्यांच्या भरवशावर गलबत हाकणारा. तो गेला तरी मासी आकाशाकडे सासरच्या वाड्यासारखी हक्काने बघायची.

"लधा, यालापण कडं आहे रे."

"कडं शनीला, मासी. हा गुरू. याला पट्टे असतात, शेजारी चार चंद्र."

"चंद्रबिंद्र काही नाही. पांढरी थाळी, मधोमध काळं भोक. शनीचंच पोरगं दिसतंय."

मागून कुणीतरी ओरडलं, "मासी, चष्मा लावा!"

"तू लाव मेल्या! मी अजून सुईत दोरा ओवते."

सगळे हसले. लधाभाई मात्र गार पडले. मधोमध काळं भोक! आरसा घासणाऱ्याला हे भोक पक्कं ठाऊक असतं. चकती चुकीची फिरली की नळीतल्या धाकट्या आरशाची सावली वाटेल त्या ताऱ्याच्या पोटात दिसते. म्हणजे साठ माणसं शनी म्हणून ती सावली बघून वाहवा करून गेली होती.

गुपचूप चकती फिरवावी, मासीला म्हातारचळ लागला म्हणावं, झालं! लधाभाईंचा हात चकतीवर गेलाही. पण किती फिरवायची, हे कुणाचा डोळा सांगणार?

"जागृतीबेन," रांग लावायला कर्णा घेऊन उभ्या असलेल्या बेनना ते म्हणाले, "तो कर्णा द्या इकडे."

आणि मैदानभर आवाज घुमला, "शनी पाहिलेल्यांनी परत या! ते कडं शनीचं नव्हतं, माझ्या मोतीबिंदूचं होतं!"

"कधीपासून आहे हे?" जागृतीबेननी विचारलं.

"दिवाळीपासून."

"आणि मला दर वेळी सांगत होता, आकाश धूसर आहे म्हणून?"

"धूसर होतंच की. माझ्यापुरतं."

"ऑपरेशन होईपर्यंत दुर्बिणीपासून लांब राहायचं. व्हा बाजूला."

लधाभाई मागे सरले. पण मासी कसली गप्प बसते!

"बेन, शनी शोधणार कोण? तुमची मंडळी अजून नकाशेच चाळतायत. नळी हा धरेल, चकती मी फिरवते."

जागृतीबेननी क्षणभर हिशेब केला आणि मान डोलावली.

लधाभाईंनी नळीला गाल लावला. शनी दोन दिसत होते. त्यांनी मधोमध नेम धरला. मासीने चकती हळूहळू फिरवली आणि एकदम बोलायची थांबली. मासीला गप्प झालेलं मांडवीत आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"मासी? बोल ना. कडं चिकटून आहे की मध्ये फट?"

"फट आहे. बारीक."

"आणि कललंय कुठल्या बाजूला?"

"मासी, आता सरका!" रांगेतून हाक आली.

"थांबा जरा," मासी डोळा न काढता म्हणाली. "लधाचं अजून बघून झालं नाही."