आप्पामामांची आहेराची खोली

आप्पामामा गेले, त्या दिवशी पंचांगात लग्नाचा मुहूर्त नव्हता. उभा जन्म मंगल कार्यालय सांभाळलेल्या माणसाने जाण्यासाठीसुद्धा मोकळी तारीख बघितली, असं आम्ही भाचरं रडता रडता म्हणालो आणि मग डोळे पुसत हसलोही. मी पुण्यात ऑफिसात होते. दुपारी कार्यालयाचा वॉचमन करण याचा फोन आला. करण मूळचा नेपाळचा, पण सोलापुरात राहून त्याची मराठी आमच्याहून जास्त सोलापुरी झालेली. "ताई, आप्पा गेले. जेवन करून खुर्चीत बसले, आन् उठलेच न्हाईत," एवढंच तो बोलला आणि फोन तसाच धरून राहिला. पलीकडे कुणीतरी खुर्च्या एकावर एक रचत होतं, त्याचा आवाज ऐकू येत होता...

बसवराज हे त्यांचं नाव. माझ्या आईचे थोरले भाऊ. गाव वळसंग, घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कार्यालयाचे ते व्यवस्थापक होते, पण मालकाला कुणी ओळखत नसे आणि यांना सगळा जिल्हा ओळखे. माणूस मोठा हौशी. पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, आणि हातात माइक आला की गडी वेगळाच. आमच्याकडच्या लग्नांत कुणी काय आहेर केला ते माइकवरून पुकारायची पद्धत आहे. मामा तो असा पुकारत की साध्या सुती साडीचा शालू होई आणि नातेपुत्याचा किराणा दुकानदार 'नातेपुत्याचे सुप्रसिद्ध व्यापारी' होई. थापा मारता म्हणून मामी चिडायची. "आगं, देणाऱ्याची छाती फुगती, घेनाऱ्याचं मन भरतं. तुझं काय जातंय?" हे त्यांचं उत्तर ठरलेलं. चहा पाजताना मात्र हात आखडता. अर्धा कप, तोही दोघांत.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. करणच्या गावची शाळा पावसाळ्यात दरडीखाली गेली. सुट्टीचा दिवस होता म्हणून मुलं वाचली. त्याच्या फोनवर आलेला व्हिडिओ त्याने आम्हाला दाखवला. निळ्या प्लास्टिकखाली, चिखलात गोणपाट टाकून पोरं पाढे म्हणत होती. दुसऱ्या रांगेत लाल स्वेटरमधली त्याची मुलगी. दुसरी शाळा नदीपलीकडे, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिथे मुलगे जातील, मुली घरी बसतील, हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मला झोप लागेना. मी, सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर घरातला श्रीनिवास आणि माझी मैत्रीण आयेशा, असे आम्ही तिघं आणि वर्गातले आणखी काही जण कामाला लागलो. चौकात डबा घेऊन उभे राहिलो. आठवडाभर उन्हात करपून काय जमलं, ते सांगण्यासारखं नाही. मामांनी तो डबा एकदा कानाशी हलवून बघितला.

"येन गं पोरी," ते म्हणाले. कन्नडातलं हे 'काय गं' त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या दारात उभं असे. "डबा हालवून शाळा हुबी ऱ्हाती व्हय? मानसं चिल्लर टाकत्यात आन् तोंड फिरवून जात्यात. तुमाला चिल्लर पायजे का शाळा?"

मला राग आला. उत्तर सापडलं मामीच्या कपाटात. दिवाळीची आवराआवर करायला आम्ही तिघं तिच्या मदतीला गेलो होतो. कपाट उघडलं तर टॉवेल-टोपी, ब्लाउजपीस, न मोडलेल्या घडीच्या साड्या असं सगळं अंगावर कोसळलं. लग्नात मिळालेला आहेर. तो कुणी वापरत नाही, पुढच्या लग्नात पुढे ढकलतात. श्रीनिवास हसत म्हणाला, "आमच्या घरी पण असंच. एक टॉवेल तर तीन लग्नं फिरून परत आमच्याकडेच आला." आयेशा म्हणाली, "हमारे घर में भी ढेर पड़ा है, मामी." आणि मग श्रीनिवासच्या डोक्यात एकदम काहीतरी चमकलं. त्याची कल्पना सरळ होती. घराघरांतला हा पडून असलेला आहेर मागून आणायचा, लग्नसराईत अर्ध्या किमतीला विकायचा. देणाऱ्याचं कपाट मोकळं होतं, घेणाऱ्याची बचत होते, आणि आहेर जसा फिरतो तसा फिरत राहतो. मधल्या मध्ये शाळेला पैसे.

मामांनी ऐकलं आणि कानावर हात ठेवले. "आहेर इकायचा? लोकं जोड्यानं मारतील!" दोन दिवस ते आमच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कार्यालयामागची भांड्यांची खोली रिकामी करवून घेतली, स्वतः उभं राहून चुना मारून घेतला आणि किल्ली माझ्या हातात दिली. आमच्या आधी त्यांनीच गावभर बोभाटा केला. सोलापूरच्या बायका जणू कुणीतरी हे विचारायचीच वाट बघत होत्या. रिक्षात घालून गाठोडी यायला लागली. शाळेची जागा वरच्या टेकडीवर ठरली, भिंती उठल्याचे फोटो आले. राहिलं फक्त छत. तिकडे बर्फ पडायला लागला की रस्ता बंद होतो, त्याआधी पत्रे वर पोहोचायला हवे होते. करण रोज कॅलेंडरकडे बघायचा आणि आम्ही करणकडे.

आणि नेमकं तेव्हाच ते घडलं. मामांच्या जुन्या ओळखीच्या मोहोळच्या काकूंच्या धाकट्या मुलाचं लग्न मामांच्याच कार्यालयात होतं. काकूंच्या भावाने बहिणीला माहेरची साडी म्हणून हिरवी इरकल दिली. काकूंनी कौतुकाने पदर उलगडला आणि त्यांचा चेहरा पालटला. ही साडी त्यांनी स्वतः, थोरल्या मुलीच्या लग्नात, सोलापूरच्या विहीणबाईंना दिली होती. पदराचे गोंडे त्यांच्या हातचे होते. विहीणबाईंनी ती न नेसता आमच्या खोलीत आणून दिली, आणि भावाने ती आमच्याचकडून घेतली. कोणती साडी कुणाच्या घरची आणि चाललीय कुणाकडे, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. आमच्या भागात, आपण दिलेला आहेर परत येणं म्हणजे तोंडावर दार लावणं. आणि विहीणबाई पहिल्याच रांगेत बसलेल्या!

"म्या दिलेला आहेर माज्याच अंगावर टाकला! कुनी इकला ह्यो? कुटं हाय ती खोली?" काकूंचा आवाज मांडवाबाहेर गेला. भाऊ खाली मान घालून उभा. विहीणबाई उठून चालायला लागल्या, त्यांच्यामागे काकूंची लेक रडत. वाढायला निघालेले लोक बुंदीच्या टोपल्या घेऊन जागच्या जागी थबकले. मालकांनी मामांना बाजूला घेऊन सांगितलं की ही खोली आजच्या आज बंद झाली पाहिजे. आम्ही दारात उभे होतो. मला तेव्हा फक्त पत्रे दिसत होते, न पोहोचलेले.

मामा सरळ माइककडे गेले.

"मंडळी, जरा ऐकून घ्या," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा फुगलेला नव्हता. "ज्याच्या घरी दुसऱ्याचा आहेर घडी न मोडता पडलेला न्हाय, त्येनं हात वर करा." एवढ्या मोठ्या मांडवात एकही हात वर गेला नाही. मागून कुणीतरी खुसकन हसलं. "मग विहीणबाईंचं काय चुकलं? आन् काकू, तुमची साडी वाया गेली न्हाय. ती तुमच्याकडनं लेकीच्या सासरी गेली, तितनं हितं आली, आन् भावाच्या हातानं माहेरची हुऊन परत आली. मधी एका शाळंवर एक पत्रा घालून आली. त्या पत्र्याखाली ह्या करणची लेक बसनार हाय."

सगळे करणकडे बघायला लागले, तर तो बिचारा गेटाआड लपला. काकूंनी पदर खांद्यावर घेतला.

"एकच पत्रा?" त्या म्हणाल्या.

"एकच."

"माझी इरकल एका पत्र्यात इकली? आप्पा, तुमाला काय धंदा कळतो का न्हाय?"

आता हसू सगळीकडे फुटलं, आणि मामांनी ती वेळ अचूक पकडली. गणपती मंडळाच्या प्रसादाच्या नारळाचा लिलाव ते वर्षानुवर्षं पुकारत आलेले. त्यांनी साडी हातात उंच धरली आणि तिथल्या तिथे बोली सुरू केली. काकू म्हणाल्या, माझी साडी मीच घेणार. दाराशी पोहोचलेल्या विहीणबाई थांबल्या, वळल्या आणि काकूंच्या वर बोली केली. काकूंनी वाढवली, विहीणबाईंनी त्याहून वाढवली. दोघी एकमेकींकडे न बघता मामांकडे बघून बोलत होत्या. मग मुलीकडचे पाहुणे उतरले, बँडवाल्यांनी मधेच ताशा कडकडवला, आचारी पळ्या घेऊन बघायला आले. आकडा कुठे जाऊन थांबला ते सांगून मी मामांचा मान कमी करणार नाही, कारण पुढे ते स्वतः सांगायचे तेव्हा तो दरवर्षी वाढत गेला. साडी विहीणबाईंना सुटली. त्या आत गेल्या, ती नेसून बाहेर आल्या आणि काकूंच्या शेजारी जेवायला बसल्या. काकूंनी त्यांच्या पानात बुंदी वाढली, तीही न विचारता. आनंदाने मी आणि आयेशा अक्षरशः उड्या मारत होतो.

पत्रे बर्फाच्या आधी चढले. करणने तो व्हिडिओ कार्यालयाच्या मोठ्या पडद्यावर लावला. नव्या छताखाली पोरं हात हलवत होती, आणि लाल स्वेटरमधली त्याची मुलगी ओरडली, "सोलापूर, धन्यवाद!" मामा शेजारच्याला म्हणाले, "माझंच नाव घेत हुती ती." त्यानंतर आमचं कॉलेज संपलं, आम्ही नोकऱ्यांना पांगलो, पण खोली चालूच राहिली. दरवर्षी नवी मुलं, नवी गाठोडी. आता आहेर घेताना आणि देताना गाव विचारलं जातं. यंदा करणच्या गावी मुलींचं वसतिगृह बांधायला काढलंय, लांबच्या वाड्यांवरच्या मुलींसाठी.

मामांच्या दिवसांना मी गेले. पाहुणे रिवाजाप्रमाणे कापड घेऊन आले होते. मामीला साड्या, मामेभावाला टॉवेल-टोपी... मामांनी जोडलेली माणसं एवढी, की घरात ठेवायला जागा उरली नाही आणि ढीग त्या खोलीत न्यावा लागला. तिथेच अडलं. दुखवट्याचं कापड लग्नात कुणी देत नाही. अशुभ मानतात. त्या ढिगाच्या धसक्याने बायका इतर आहेर घ्यायलाही खोलीकडे फिरकेनात. सराई तोंडावर, वसतिगृह दारं-खिडक्यांवर येऊन थांबलेलं. आता खोली सांभाळणारी मुलं रडकुंडीला आली होती. मालक म्हणाले, सगळं वाटून टाका आणि कुलूप लावा, आप्पा होते तोवर ठीक होतं. मामी एवढंच म्हणाली, "रविवारी दार उगडा. आन् त्यांचं कापड म्होरं मांडा."

रविवारी मीही जाऊन बसले. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग रिक्षा थांबली आणि काठी टेकत मोहोळच्या काकू उतरल्या. आता फार थकल्यात. ढिगापाशी बसून एकेक साडी उलगडायला लागल्या. टेबलावरची मुलगी प्रामाणिक, तिने चाचरत सांगितलं, "आजी, हे... दुखवट्यातलं आहे."

"म्हाईत हाय की. म्हनून तर आले. नातीचं लगीन हाय माज्या." काकूंनी एक जांभळी साडी मांडीवर घेतली. "आप्पाच्या नावाचं कापड अशुभ आसंल, तर मग सोलापुरात शुभ काय ऱ्हायलं? ही नव्या विहिणीला देनार. आन् कुनाची हाय ते सांगून देनार."

त्यांनी तिथूनच मोहोळला फोन लावला आणि मोठमोठ्याने सगळ्यांना हे सांगितलं. नंतर त्या इरकलवाल्या विहीणबाई आल्या, त्यांच्या सुना आल्या, श्रीनिवासची आई आली. वळसंगहून टेम्पो भरून माणसं आली. कुणी भाव केला नाही. त्या गर्दीत उभी राहून मी रडत होते आणि मला मामांचा इतका अभिमान वाटत होता की कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तिथे जमलेल्या प्रत्येकाला ते ठाऊकच होतं. दिवे लागायच्या सुमाराला फळ्या मोकळ्या झाल्या. वसतिगृहाला दारं लागणार होती, खिडक्याही.

मामी दारात येऊन उभी राहिली. रिकामी खोली तिने एकदा डोळे भरून बघितली, पदर कमरेला खोचला आणि करणला हाक मारली.

"झाडून घे रं. उद्या लोकं गाठुडी घिऊन येतील."