प्लेटची दुपारची सुट्टी

सूर्याला वेळापत्रक लावून देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या मावशीचा नवरा निघाला. काका साखरा गावात सुतारकाम करायचे. पन्नाशी ओलांडली तसा त्यांचा उजवा खांदा गेला. गिरमिट फिरवायचं म्हणजे खांदा हवा, आणि सुताराला भोक न पाडता कसं जमायचं? पुण्यातला मुलगा "आता बस करा" म्हणून मागं लागला. काकांनी त्यावर उपाय म्हणून कळमनुरीच्या बाजारातून बॅटरीवर चालणारं एक जुनं ड्रिल आणलं. त्याच्या पोटातले सेल केव्हाच मेलेले होते. काकांनी ते उपसून टाकले, तिथून लांब वायर काढली आणि ती जीपच्या बॅटरीला जोडली. बॅटरी भरायला भंगारातून सोलरची एक प्लेट आली. राहता राहिला प्रश्न एवढं ओझं न्यायचं कसं. काकांनी मुलाचा लहानपणचा पांगुळगाडा माळ्यावरून काढला आणि त्यात बॅटरी बसवली. मग पुढं काका, मागं दोरीला पांगुळगाडा, अशी स्वारी गावभर दारं-खिडक्या बसवत फिरू लागली.

या संसाराची काळजी त्यांनी स्वतःच्या संसाराहून जास्त घेतली, असं मावशी म्हणायची आणि ते खरंच होतं. सकाळी चहाच्या आधी प्लेट ओल्या फडक्यानं पुसायची. बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली घरातल्या औषधांच्या शेजारी, आणि तिला हात लावायची कुणाची बिशाद नव्हती. एकदा मावशीनं बॅटरीत हापशाचं पाणी घालू का विचारलं, तर काका दोन दिवस तिच्याशी तुटक बोलले. हे सगळं ठीक होतं. पण ऊन डोक्यावर आलं की काका अंगणातल्या बाजेवर मांडलेल्या प्लेटवर ओलं पोतं टाकायचे आणि दुपार कलल्यावरच काढायचे. मी हिंगोलीत शाळेत विज्ञान शिकवणारा. माझा जीव तळमळायचा.

"काका, खरी वीज दुपारीच मिळते. हिला काही थकवा येत नाही."

"मास्तर, बैल बी दुपारी सोडतो आपन. मंग हिलाच काहून जुपून ठिवायचं? तुमी पुस्तकात पाह्यलं, म्या हात लावून पाह्यलं. भाजते ती."

मी हे शिक्षकांच्या खोलीत सांगून पुष्कळ हशा मिळवला. आज त्याची लाज वाटते.

पुढं गावच्या विहाराला नवं दार करायचं निघालं. बुद्ध पौर्णिमेला ते उघडायचं होतं. खांद्यामुळं काकांना झेपेल का, अशी कुजबुज झाली. हिंगोलीचा सुतार बोलवा, असंही कुणी म्हणालं. काका मला एवढंच म्हणाले, "हे दार बसलं तर मी सुतार. न्हाई तर पोराकडं जाऊन बसतो." पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मीही मदतीला गेलो. एक झडप बसली. दुसरीच्या शेवटच्या बिजागरीची चार भोकं राहिली आणि ड्रिल घुर्र करून थांबलं. काकांनी गिरमिट उचललं, दोन वेढे दिले आणि खांदा धरून मटकन खाली बसले. मग ते उठले, पांगुळगाडा ओढत घरी आले आणि ऐन बारा वाजता प्लेटवरचं पोतं काढलं.

"आज येक दिस राब, बाई," असं म्हणून ते तिच्या शेजारी बाजेवर बसले. डोक्यावर टॉवेलसुद्धा नाही.

"काका, सावलीत या! वैशाखातलं ऊन आहे."

"तिला येकटीलाच काहून उन्हात ठिवायचं?"

दोन तास ते हलले नाहीत. मावशी कांदा आणि पाण्याचा तांब्या घेऊन शिव्या देत उभी होती. तिसऱ्या प्रहरी ती चार भोकं पडली आणि दार बसलं. दुसऱ्या दिवशी गाव विहारात होतं, तेव्हा प्लेट मात्र पोत्याखाली दिवसभर सुट्टीवर होती.

काकांनी त्यानंतर बरीच वर्षं दारं बसवली. मध्यंतरी एका प्रशिक्षणात मला कळलं की प्लेट फार तापली की खरंच वीज कमी देते. पोतं टाकणं चूकच होतं, पण हातानं ओळखलं होतं ते खोटं नव्हतं. काकांना सांगायचं ठरवलं. पण हार कबूल करायला जायचं म्हणून मी आज-उद्या करत राहिलो आणि काका गेले. फार वाईट वाटतं.

परवा साखऱ्याला गेलो तर भर दुपार होती. बॅटरी आता नाही, ड्रिल मुलानं नेलं. बाजेवरच्या प्लेटची वायर नुसतीच लोंबत होती आणि मावशी बादलीत पोतं भिजवत होती. मी म्हणालो, "मावशी, प्लेट तापते म्हणायचे ना काका, ते बरोबर होतं."

"व्हय, मला ठाव हाय," ती म्हणाली. "तेवढं टोक धर."

मी धरलं.