हरलेल्याने चिमटे लावायचे

आमच्या स्वयंपाकघरात सिंकखाली पिशव्यांची एक पिशवी आहे. दर वेळी वाटतं, आता हिच्यात एकही मावणार नाही. तरी मावते, आणि एक काढायला जावं तर दहा बाहेर येतात. किस्स्यांचंही तसंच. परवा सुलभाताईंचा फोन आला, निवृत्त होऊन त्या आता पुण्याला परतल्यात. "अगं, हैतीत म्हणे पुन्हा तारीख लागलीय," एवढंच म्हणाल्या, आणि माझी पिशवी भसकन उघडली.

आमचं टेबल म्हणजे लंडनमधल्या हॅरोजवळच्या एका हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधलं, खिडकीशेजारचं, एका पायाने लंगडं. त्यावर दुपारी आम्ही तिघं. मी फार्मसीतली, मूळची नागपूरची. सुलभाताई कन्सल्टंट, तीस वर्षांपूर्वी इकडे आलेल्या, येताना आख्खं पुणं बॅगेत भरून आणलेलं. आणि तिसरा रोनेल, ऑर्थोपेडिक वॉर्डातला सीनियर नर्स, हैतीचा. त्याच्या देशात कित्येक वर्षं निवडणूकच झालेली नव्हती. राजधानीतले मोहल्लेच्या मोहल्ले बंदूकवाल्या टोळ्यांच्या ताब्यात. अधूनमधून निवडणुकीची तारीख लागायची, मग पुढे ढकलली जायची. तारीख लागली की रोनेल दोन पुडिंगं घ्यायचा आणि पुढे गेली की एकही नाही. त्याच्या ट्रेवरून आम्हाला हैतीच्या बातम्या कळायच्या.

पहिल्याच दिवशी सुलभाताईंनी त्याची परीक्षा घेतली. हैती कॅरिबियनमध्ये आहे म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी विचारलं, बॅटिंग करतोस की बोलिंग? रोनेल म्हणाला, आमच्याकडे क्रिकेट नाही, फुटबॉल आहे. ताईंना हे पटेना. कॅरिबियन आणि क्रिकेट नाही, म्हणजे काय! रोनेलने शांतपणे सांगितलं की दोनशे वर्षांपूर्वी त्याच्या देशातल्या गुलामांनी फ्रेंचांच्या फौजेला हरवून स्वतःचं राष्ट्र उभं केलं.

ताईंनी थोडा विचार केला. "बरं," त्या म्हणाल्या, "मग क्रिकेटचं राहू दे."

पुणेरी माणसाकडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही.

*

हैतीत गोष्ट सांगणारा आधी "क्रिक?" असं विचारतो. ऐकणाऱ्यांनी "क्राक!" म्हणायचं. म्हटलं नाही तर गोष्ट नाही. रोनेल हा नियम इतक्या कडकपणे पाळायचा की वॉर्डातली साधी भानगड सांगायची असली तरी आधी क्रिक. मला माझी आजी आठवायची. तीही हुंकार दिल्याशिवाय पुढे सरकायची नाही. हुंकार थांबला की म्हणायची, "झोपलीस का गं?"

एकदा मॅनेजमेंटची मीटिंग होती. बजेटवरचं प्रेझेंटेशन सुरू करताना साहेबांनी चष्मा काढला, खाकरले आणि सगळ्यांकडे पाहिलं.

सुलभाताई म्हणाल्या, "क्राक."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला. इंग्रज माणूस अशा वेळी काही बोलत नाही, नुसता पाणी पितो.

*

आता चिमट्यांबद्दल. रोनेलने आम्हाला डॉमिनोज शिकवला. हैतीची रीत अशी की जो हरेल त्याने कपडे वाळत घालायचे चिमटे स्वतःच्या कानांना लावायचे. आणखी हरला तर दंडाला, नाकाला. त्याहून महत्त्वाचा नियम म्हणजे चिमटे लावून तिथेच बसायचं. उठून जायचं नाही, रुसायचं नाही, पुढच्या डावाची पानं, म्हणजे सोंगट्या, त्यानेच पिसायच्या.

मी या नियमाची चेष्टा केली. आमच्याकडे पत्त्यात हरलेला माणूस पत्ते फेकून पान खायला निघून जातो, असं सांगितलं. रोनेल हसला नाही. "आमच्याकडे सगळं बिघडलं ते इथेच," तो म्हणाला. "हरलेला टेबलावर बसत नाही, आणि जिंकलेला त्याला बसू देत नाही."

सुलभाताई खेळात कच्च्या होत्या आणि हट्टी होत्या. एकदा दोन्ही कानांना निळे चिमटे लावून बसलेल्या असताना त्यांचं ब्लीप, म्हणजे पेजर, वाजलं आणि त्या तशाच वॉर्डात धावल्या. चांगली दहा-पंधरा मिनिटं त्यांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना ऑपरेशनचे फायदे-तोटे समजावून सांगितले. गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं, सही केली आणि मग नर्सला हळूच विचारलं, "डॉक्टरांना ऐकायला कमी येतं का हो?"

*

मी इथे आले त्याच्या पुढच्याच वर्षी घरी माझ्या नावाचं पोलिंग कार्ड आलं. मी घाबरले. आपण व्हिसावर आलेली माणसं, उद्या कुणी म्हणेल खोटं मतदान केलं, आणि पाठवतील परत! मी कौन्सिलला फोन करून रीतसर कबुली दिली की मी ब्रिटिश नाही, इंडियन आहे, यात माझा काही दोष नाही. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "कॉमनवेल्थ, लव्ह. यू कॅन व्होट." आणि फोन ठेवला.

हे मी टेबलावर सांगितलं तेव्हा रोनेलचा चमचा सूपमध्येच राहिला. तो माझ्या कितीतरी आधी इथे आलेला, टॅक्स भरणारा, आणि त्याला इथे मत नाही. का? तर हैती कॉमनवेल्थमध्ये नाही. म्हणजे ज्यांच्यावर इंग्रजांनी राज्य केलं त्यांनाच इथे मत! तिकडे निवडणूक नाही, इकडे हक्क नाही.

रोनेलने चमचा बाजूला ठेवला आणि म्हणाला, "आम्ही चुकीच्या मालकाला हाकललं."

*

त्या निवडणुकीला तो माझ्याबरोबर आला. मत माझं, पण इस्त्रीचा शर्ट त्याने घातलेला. पोलिंग स्टेशन एका चर्चच्या हॉलमध्ये होतं. ना रांग, ना पोलीस, ना बोटाला शाई. दाराशी दोन कुत्री मालकांची वाट बघत होती, त्यांच्या शेजारी रोनेल उभा राहिला.

मी बाहेर आले तेव्हा त्याने खोदून खोदून विचारलं. शिक्का कसला? शिक्का नाही, फुली मारायची. कशाने? पेन्सिलीने. पेन्सिलीने? त्याचे डोळे एवढे झाले. मग तो धीर करून आत डोकावला आणि दारातल्या बाईंना विचारलं, "पेन्सिलीने लिहिलेलं कुणी खोडलं तर?"

बाईंना प्रश्नच कळेना. "व्हाय वुड एनीवन?" त्या म्हणाल्या.

परत येताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्यूब स्टेशनपर्यंत तो हे वाक्य घोळवत होता. का कुणी खोडेल? त्याला हसू येत होतं, आणि थोडं रडूही.

मग मी त्याला बाबांच्या गोष्टी सांगितल्या. बाबा शाळामास्तर, त्यामुळे दर निवडणुकीला त्यांची ड्यूटी लागायची. आई दशम्या बांधून द्यायची. जीपमधून आडगावच्या शाळेत जायचं, पेटी सगळ्यांना उघडी करून दाखवायची, मग लाखेचं सील. रात्री तिथेच सतरंजी टाकून झोपायचं. घरी परतले की त्यांच्या सदऱ्याला लाखेचा वास यायचा. तो वास आला की मला वाटायचं, देश बाबाच चालवतात. एका गावात सरपंचकीला पडलेला उमेदवार निकालानंतर येऊन बाबांना आग्रहाने चहा पाजून गेला होता. "पडलो म्हणून काय झालं मास्तर, चहा तर पाजू द्या!"

रोनेलची आईही शाळामास्तरीण निघाली. तीही मतदान केंद्रावर बसलेली. पण तिच्या गावातला पडलेला उमेदवार निकालाच्या दिवशी शाळेची मागची भिंत ओलांडून पळाला, तो पुन्हा गावात दिसला नाही. तिची ती शाळाही आता शाळा राहिली नव्हती. घरं सोडून पळालेली कुटुंबं तिच्या वर्गांत राहत होती आणि ती स्वतः उत्तरेकडे बहिणीकडे गेली होती.

जाताना तिने एकच चांगला ड्रेस नेला. निळा. मत द्यायला जाताना घालायचा. तारीख लागली की ती कोळशाच्या इस्त्रीत निखारे घालून ड्रेसला इस्त्री करायची. पुढे गेली की परत खुंटीवर. गेल्या खेपेला तर तिने निखारेच घातले नाहीत. रोनेलला म्हणाली, "आता कोळसा स्वयंपाकाला ठेवते." त्या दिवशी त्याच्या ट्रेवर पुडिंगच काय, जेवणही नव्हतं.

*

रोनेल मात्र रजा साठवायचा. निवडणूक झाली की जाणार, आईला हाताला धरून केंद्रावर नेणार, स्वतःही मत देणार. मी त्याला म्हणायची, इथलं नागरिकत्व घे, इथे मत मिळेल. तो म्हणायचा, "घेईन. पण पहिलं मत तिथे." मार्चअखेर रजा बुडायची पाळी यायची, मग तो नाइलाजाने ब्राइटनला जाऊन समुद्रासमोर कुडकुडत बसायचा. परत आला की सुलभाताई विचारायच्या, "कसं झालं मतदान?"

"शांततेत," तो म्हणायचा. "सीगल्स जिंकले."

*

आणि मग आमची निवडणूक झाली.

कॅन्टीन कमिटीवर स्टाफचा एक प्रतिनिधी हवा होता. कुणालाच नको असलेलं ते पद. आउटपेशंटच्या रिसेप्शनवरची ब्रेंडा उभी राहिली, आणि निवड बिनविरोध होऊ नये म्हणून रोनेलही उभा राहिला. त्याने जाहीरनामा काढला. चांगली दोन पानं. त्यात पारदर्शकता होती, रात्रपाळीवाल्यांचे हक्क होते, नवनिर्माण होतं. ब्रेंडाच्या जाहीरनाम्यात एकच ओळ होती. "नवीन केटल."

मतदान रोनेलच्या हट्टाने रीतसर झालं. बिस्किटांचा रिकामा डबा सगळ्यांना उघडा करून दाखवला. मी देवघरातली मेणबत्ती आणून तिच्या मेणाने डबा सील केला. लाख इथे कुठली मिळायला! पेन्सिलींना बंदी. ऑपरेशनआधी पायावर खूण करायच्या जांभळ्या मार्करने प्रत्येकाच्या अंगठ्यावर ठिपका. सुलभाताई निवडणूक अधिकारी. त्यांनी स्वतःच्या वॉर्डातल्या ज्युनिअरलाही आयकार्ड नाही म्हणून परत पाठवलं.

मोजणी भर कॅन्टीनमध्ये झाली, एकेक चिठ्ठी वर धरून. रोनेल पडला. सणसणीत पडला. लोकांना केटल हवी होती.

क्षणभर मला त्याच्याकडे बघवेना. तो उठला, ब्रेंडाशी हात मिळवला, मग आमच्या डॉमिनोजच्या डब्यातून चिमटे काढून स्वतःच्या दोन्ही कानांना लावले आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. ब्रेंडाने सगळ्यांसाठी चहा केला, जुन्याच केटलमध्ये. पहिला कप तिने त्याला दिला.

तेवढ्यात त्याने आईला व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर एक बारीक, पांढऱ्या केसांची बाई आली. चिमटे बघून ती इतकी हसली की फोन हलला. तिने विचारलं, कशात हरलास? तो म्हणाला, निवडणुकीत. आणि तिला सगळं सांगितलं, डबा, मेण, जांभळे अंगठे, वर धरलेल्या चिठ्ठ्या. सुलभाताईंनी आपला अंगठा कॅमेऱ्यासमोर धरला. मीही धरला. ब्रेंडाने का कोण जाणे, कप धरला.

आई हसायची थांबली होती. तिने काहीतरी विचारलं. रोनेलने उत्तर दिलं. तिने पुन्हा तेच विचारलं.

"काय म्हणतायत?" सुलभाताईंनी विचारलं.

"विचारतेय, जो हरला तो घरी सुखरूप पोचेल ना."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, चहा पितोय. मग बसने जाईन."

स्क्रीनवर आता आई नव्हती. नुसतं पत्र्याचं छत दिसत होतं, आणि लांबून भांड्यांचा आवाज येत होता. आम्ही रोनेलकडे पाहिलं. चिमट्यांनी त्याचे कान लालबुंद झाले होते.

"थांब म्हणाली," तो म्हणाला. "इस्त्रीत निखारे घालून येते."