कोठ्यातला गुळगुळीत खांब

मौद्याजवळच्या आमच्या शेतावर बैलांचा जुना कोठा होता. तो राहण्याजोगा करायला एक म्हातारा सुतार आला. नाव विचारायचं राहूनच गेलं. अवजारं न काढता तो प्रत्येक खांबावरून तळहात फिरवू लागला.

"काय पाहून राहिले?" मी विचारलं.

"डावीकडचा बैल उंच होता न भाऊ? मान घासून घासून इथं लाकूड गुळगुळीत झालं."

खरंच होता. हा माणूस तर इथं पहिल्यांदाच आलेला.

नेमका तोच खांब मला बदलायचा होता. तो बेत मी सोडला. काम संपल्यावर, मला त्याच खांबाला टेकलेलं पाहून तो म्हणाला, "टेकत जा. पुढच्या सुताराले तुमची उंची समजन."

तेव्हापासून मी तिथं जरा ताठ उभा राहूनच टेकतो.