उगवतीच्या काठाची वाट

ती घटना मी विसरायची म्हटलं तरी माझा डावा गुडघा विसरू देत नाही. थंडी पडली की तो ठणकतो आणि मला सातपुड्याच्या पायथ्याचं ते ठाणं आठवतं. मी तिथे ठाणेदार होतो. गाव आमचं उंद्रीकडचं, म्हणजे घाटावरचं. घाटावरच्या माणसाला जंगलातलं काही कळत नाही असं घाटाखालचे लोक म्हणतात. या प्रकरणापुरतं ते खरं निघालं.

चैत्र सरत आला होता, शाळा सकाळच्या झाल्या होत्या. कपाशीच्या पेरणीला अवकाश होता, पण चोरबीटीचा धंदा आधीच सुरू होतो. ज्यांनी हा शब्द ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बीटी कपाशी आली, काही वर्षं बरी गेली, मग बोंडअळी तिलाही खाऊ लागली. त्यात निंदणाला बाया मिळेनात. तेव्हा तणनाशक फवारलं तरी जळत नाही अशा कपाशीचं बियाणं चोरून येऊ लागलं. सरकारची मान्यता नाही, पावती नाही, पिशवीवर छापलेलं नाव खोटं. उगवलं नाही तर दाद मागायची सोय नाही. तरी लोक घेत, कारण दुसरा उपाय दिसत नव्हता. त्या आठवड्यात कृषी विभागाच्या निरीक्षकांना एका पडक्या गोठ्यात अशी पाकिटं सापडली होती आणि अज्ञात आरोपीविरुद्ध आमच्याकडे गुन्हा दाखल झाला होता.

दोनच दिवसांनी खबर आली. देणारा खत-बियाण्याचा दुकानदार होता. गावात त्याला सगळे शेठ म्हणत. आमच्या शांतता समितीत बसायचा, बंदोबस्ताच्या दिवसांत ठाण्याला पाण्याचे जार पाठवायचा. आवाज खाली आणून तो म्हणाला, "साहेब, तुमी रोडवर नाकाबंदी लावून बसले आन् माल जंगलातून उतरून राह्यला."

"कोण उतरवतो?"

"आता नाव कसं घेऊ? एक मास्तर हाय. दर रईवारी हातात मशीन घेऊन डोंगरात जाते. बैलनाल्याच्या उगवतीच्या काठानं वाट हाय, दोन खडकाच्या मधून उतरते. थेच पाहा."

खबर मी शब्दशः वहीत उतरवली. ही माझी जुनी सवय. तिनेच पुढे मला वाचवलं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही मास्तरांना डोंगराच्या पायथ्याशी गाठलं. चाळिशीचा, उन्हाने रापलेला, अंगाने काटकुळा माणूस. जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत शिकवायचा. पिशवीत रिकामी बाटली, भाकरीचं फडकं, एक वही आणि हातात मावेल एवढं जीपीएस यंत्र. बियाण्याचा दाणाही नव्हता. पण यंत्राचा पडदा पाहून माझे डोळे विस्फारले. मध्य प्रदेशच्या बाजूपासून आमच्या हद्दीपर्यंत डोंगरातल्या साऱ्या पायवाटा त्यात होत्या. कुठे पाणी आहे, कुठे खडक आहेत, कुठे चढ उभा आहे, कुठे सावली आहे, सगळं. दोन पंच बोलावून यंत्र आणि वही जप्त केली आणि मास्तरांना ठाण्यात आणलं.

"हा नकाशा तुम्हाला कोणी दिला?"

"कोणी नाही. मीच केला, साहेब."

"मास्तर, मी पंचवीस वर्षं खोटं ऐकतोय. नकाशे सरकार करतं."

"सरकारचाही असतो. पण इंटरनेटवर एक खुला नकाशा असतो. जगातला कोणीही त्यात भर घालतो, कोणीही तो फुकट घेतो. आपल्या भागात त्यात फक्त डांबरी रस्ता होता. बाकी सगळं कोरं. मी चालतो, यंत्र माझ्या मागे रेघ ओढतं. घरी कॉम्प्युटरवर ती रेघ तपासतो, मग खुल्या नकाशात टाकतो. त्यातूनच या यंत्रापुरता माझा नकाशा बनवतो. पायवाट तुटक रेघेने, पाणी निळ्या ठिपक्याने, अभयारण्याची हद्द लाल. ती मी ओलांडत नाही."

"आणि हे सगळं कशासाठी?"

यावर तो पहिल्यांदा अडखळला. "आवडतं म्हणून," तो म्हणाला.

आवडतं म्हणून उन्हातान्हात डोंगर तुडवणारा माणूस माझ्या पाहण्यात नव्हता. चोरी, शिकार, बाई, गुप्तधन, डोंगरात जाण्याची एवढीच कारणं मला ठाऊक होती. मी त्याच्यासमोरच त्याच्या मुख्याध्यापकांना फोन लावला आणि हा माणूस शाळेत वेळेवर असतो का, कुणाकडून पैसे घेतो का, असं विचारलं. चौकशीचा भाग म्हणून ते बरोबर होतं. पण ठाण्यातून असा फोन गेला की संध्याकाळपर्यंत गावात काय होतं, तेही मला माहीत होतं. मास्तरांचा चेहरा उतरला. इतका वेळ तो शुद्ध बोलत होता, ते सुटलं. "साहेब, गावात तोंड कसं दाखवू मी आता? चोर हाव का मी?"

आमचे वयस्कर हवालदार मला बाहेर घेऊन गेले. "साहेब, सरकारी नोकर हाय थो. अटक झाली आन् अठ्ठेचाळीस तास उलटले का निलंबन पक्कं. मंग कोर्टात सुटला तरी वर्षं जातीन. एक डाव थे वाट तरी पाहून घेऊ."

बोलणं रास्त होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हजर राहण्याची नोटीस देऊन मी मास्तरांना घरी सोडलं. खरं सांगायचं तर मी अटकेचे कागद तयार ठेवायला सांगितले होते. वाट पाहायची, पंचनामा करायचा आणि दुपारी अटक दाखवायची, असा माझा हिशेब होता.

सोमवारी मास्तर पावणेसहालाच येऊन पायरीवर बसले होते. हवालदार आणि दोन शिपाई सोबत होते. वाटाड्या म्हणून त्या रानात गुरं चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना घेतलं. बाबा प्रत्येक खडकाला नावाने ओळखत. एका वळणावर म्हणाले, "हे बैलपडी. माह्या आज्याचा बैल पडला होता अठी." मास्तरांच्या वहीत ही नावं बाबांकडूनच आली होती. यंत्रात मराठीत लिहिलेली दिसत होती.

नाल्याशी आलो. मी वही काढली आणि उगवतीच्या काठाकडे वळलो.

बाबा थांबले. "तिकडं कुठी चालले, साहेब? त्या अंगाले वाट नाई."

"आहे. पक्की खबर आहे."

"साठ वर्सं ढोरं चारून राह्यलो मी. तिकडं वांदर बी जात नाई."

ठाणेदाराने गुराख्याचं ऐकायचं, तेही दोन शिपायांदेखत, हे माझ्या स्वभावात नव्हतं. मी पुढे झालो. दोन खडक होते, पण त्यांच्या मधून उतरणारी वाट नव्हती. सुटा मुरूम होता आणि खाली पुरुषभर उंचीची उडी होती. ती मी घेतली नाही, मुरुमाने घ्यायला लावली. हवालदार आणि मास्तरांनी मला वर ओढलं. पँट फाटली, गुडघा फुटला आणि डोकं जरा जागेवर आलं.

मास्तरांनी आपल्या बाटलीतल्या पाण्याने माझा गुडघा धुतला. मी हवालदारांकडून जप्त केलेलं यंत्र मागून घेतलं. त्यात वाट मावळतीच्या काठानेच दाखवली होती, जिथून बाबा आम्हाला नेत होते.

"मास्तर, उगवतीच्या काठाने वाट आहे असं कोणाला वाटू शकतं?"

त्याने वर कड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, ही चूक माझीच आहे. ही घळ अरुंद. इथं यंत्राला आकाश कमी दिसते, उपग्रहाचा सिग्नल कड्यावर आपटून येते. पहिल्यांदा चाललो तेव्हा रेघ सरकून या काठावर पडली होती. म्हणून मी कोणतीही वाट दोनदा चालतो, दुसऱ्यांदा वेगळ्या दिवशी. तेव्हा लक्षात आलं. खुल्या नकाशात गेली ती दुरुस्त केलेली."

"आणि चुकीची?"

"थे एकाच मेमरी कार्डात गेली. एकानं मागितलं होतं, हिंडाले पाहिजे म्हणून. मंग आलाच नाही हिंडाले."

"नाव?"

मास्तर बाटलीचं झाकण लावू लागले. हवालदारांनी आवाज चढवला. तेव्हा मास्तर म्हणाला, "साहेब, कार्ड दिलं एवढंच मला माहीत आहे. त्यानं काय केलं ते माहीत नाही. एका फेरीत रेघ ओढली की काय होते ते आत्ताच पाहिलं ना तुमी? माणसाचं नाव कसं देऊ मी?"

ज्याची नोकरी त्या नावावर टांगली होती, तो हे बोलत होता. मला लाज वाटली. मी आदल्या दिवशी एका फेरीतच त्याच्या नावावर रेघ ओढून मोकळा झालो होतो.

नावाची गरजही नव्हती. ते माझ्या वहीत होतं. त्या काठावर वाट आहे असं सांगणारा माणूस तिथे कधी आलाच नव्हता. त्याने ती कार्डावर पाहिली होती. मग साधा प्रश्न उरला. शेठला आम्ही रविवारी जंगलात बसावं असं का वाटत होतं? आम्ही जंगलात असलो की डांबरी रस्त्यावरच्या नाकाबंदीला माणूस उरत नव्हता.

पुढचं फार लांबलं नाही. त्याच दुपारी कृषी निरीक्षकांना सोबत घेऊन दुकानामागच्या गोदामाची झडती घेतली. सरकीच्या ढेपेच्या पोत्यांखाली पाकिटांची खोकी निघाली. आदल्या दिवशी, आम्ही मास्तरांची पिशवी उलटीपालटी करत होतो तेव्हा, ती खोकी ढेपेच्या गाडीतून राजरोस रस्त्याने आली होती. गल्ल्याच्या खणात ते मेमरी कार्डही सापडलं. शेठने तासभर आढेवेढे घेतले. कार्ड पंचांसमोर कॉम्प्युटरला लावून उगवतीच्या काठावरची रेघ दाखवली, तेव्हा त्याने पाणी मागितलं. जंगलातून माल कधी उतरलाच नव्हता.

अटकेचे कागद मी स्वतः फाडले. मास्तरांचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला आणि म्हटलं, "सुटलात तुम्ही. जा आता."

तो उठला नाही. "साहेब, फोन तुमी ठाण्यातून केला होता. सगळ्या गावाले समजला. आता मी सुटलो हे कोण सांगीन?"

"मी मुख्याध्यापकांना फोन करतो."

"फोन नको. या."

माझ्या सबंध नोकरीत एवढं कोणी मला ठणकावलं नव्हतं, आणि तेही इतक्या हळू आवाजात. रागही आला. रात्रभर गुडघा ठणकत होता, त्यामुळे विचाराला भरपूर वेळ मिळाला. मंगळवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी मी गणवेशात, लंगडत, त्या शाळेत गेलो. ओसरीवर चार-सहा पालक येऊन बसले होते. कशासाठी ते विचारायची गरज नव्हती. मुलांसमोर, मुख्याध्यापकांसमोर आणि त्या पालकांसमोर मी सांगितलं, की मास्तरांनी काही गैर केलेलं नाही, चूक माझी झाली आणि खरा आरोपी यांच्यामुळेच सापडला. मागून एक बाई म्हणाल्या, "आमाले माहीतच होतं." त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे. पण पालक उठून घरी गेले आणि मास्तरांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. यंत्र आणि वही पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाली.

त्यानंतर सेवेत असेपर्यंत खबर देणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारत आलो. तू हे कुठे उभं राहून पाहिलंस? निम्मे लोक तिथेच गडबडतात. आणि कोणाच्या शाळेत, दुकानात किंवा सोयऱ्यांकडे फोन करण्यापूर्वी मी दुसरी फेरी मारत आलो. काही वेळा त्यामुळे उशीर झाला, वरिष्ठांची बोलणीही खाल्ली.

निवृत्तीच्या दिवशी मास्तर आले. हार नाही, नारळ नाही. खिशातून एक मेमरी कार्ड काढून दिलं. म्हणाले, "आता तुमाले टाइम हाय. हिंडा." पुतण्याने ते घरी कॉम्प्युटरला लावून दिलं. सातपुडा उघडला, निळे ठिपके, तुटक रेघा. मी शोधत शोधत बैलनाल्याशी आलो. मावळतीच्या काठाने वाट होती. उगवतीच्या काठावर दोन खडक, आणि त्यांच्यापाशी बाबांनी ठेवलेलं एक नवं नाव होतं.

ठाणेदारपडी. आणि खाली मास्तरांच्या बारीक अक्षरांत, इथे वाट नाही, दोनदा पाहिले.